न्यायमूर्तीपदाची जाहिरात का निघत नाही?

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती आणि मा. दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई

विषय : उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीपदासाठी नावांची शिफारस करण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत

महोदय,

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व्हायचे असेल तर एमपीएससीची जाहिरात येते. जागा किती, त्यांतल्या राखीव किती, महिलांसाठी किती, वयाची अट काय, वकिलीच्या अनुभवाचा दाखला कुणाचा हवा, सगळे छापून येते. मग पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. नापास झालेल्यालाही आपण कुठे कमी पडलो ते कळते. वरिष्ठ वकिलाचा, म्हणजे सीनियर ॲडव्होकेटचा गाऊन हवा असेल तर उच्च न्यायालय स्वतः अर्ज मागवते. २०१७ च्या इंदिरा जयसिंग प्रकरणातल्या निकालानंतर तर इच्छुकांची नावे संकेतस्थळावर टाकून लोकांची मते मागवण्याची पद्धत आली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली गुण देण्याची पद्धत मोडीत काढली, अर्ज मात्र राहिले.

आणि ज्या आसनावर बसून त्या दिवाणी न्यायाधीशाचा निकाल कायम करायचा किंवा फिरवायचा, त्या सीनियरचा युक्तिवाद ऐकायचा, त्या आसनासाठी जाहिरात नाही, अर्ज नाही, लोकांसमोर ठेवलेले निकष नाहीत. कोणाचा विचार झाला हे कळत नाही. कोणाचा झाला नाही हे तर मुळीच नाही. एखाद्या सकाळी यादी येते आणि बाररूममध्ये 'हे कुणाचे कोण?' असा पहिला प्रश्न विचारला जातो. ज्यांची निवड निव्वळ गुणांवर झाली, त्यांच्याबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे मला जास्त वाईट वाटते.

न्यायमूर्तींच्या नेमणुकांबद्दल लिहिणारे लोक सहसा सरन्यायाधीशांना नाहीतर केंद्रीय कायदामंत्र्यांना लिहितात. मी तुम्हा तिघांना लिहिते आहे, कारण नाव पहिल्यांदा कागदावर येते ते तुमच्या टेबलावर. घटनेच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे नेमणूक राष्ट्रपती करतात, पण सध्याच्या मेमोरँडम ऑफ प्रोसिजरनुसार, म्हणजे नेमणुकीची कार्यपद्धती ठरवणाऱ्या दस्तऐवजानुसार, प्रस्ताव मांडायचा तो उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी, दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून. नंतर मुख्यमंत्री, राज्यपाल, गुप्तचर विभाग, कायदा मंत्रालय, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद (कॉलेजियम, म्हणजे नावे ठरवणारा ज्येष्ठ न्यायमूर्तींचा गट) असा लांबचा प्रवास असतो. दिल्लीत नाव गळू शकते, अडू शकते, परत येऊ शकते. मात्र जे नाव मुंबईतून निघालेच नाही, ते दिल्लीत कुणालाही घालता येत नाही. त्यामुळे दार किती उघडायचे हे ठरते मुंबईत, फोर्टातल्या त्या दगडी इमारतीत.

सुरुवातीलाच माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना शंका राहायला नको. नेमणुका पुन्हा सरकारच्या हाती द्याव्यात असे मला वाटत नाही. ते दिवस या उच्च न्यायालयाने पाहिले आहेत. उमेश लळीत आणीबाणीच्या काळात इथे अतिरिक्त, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते नेमलेले, न्यायमूर्ती होते. त्यांना कायम केले गेले नाही. आमच्या सोलापुरात जन्मलेले त्यांचे चिरंजीव उदय लळीत २०२२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, म्हणून ही गोष्ट आमच्या बारमध्ये अजून निघते. १९८१ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या कायदामंत्र्यांनी परिपत्रक काढून अतिरिक्त न्यायमूर्तींकडून बदलीसाठी संमती घ्या असे कळवले, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत मुंबईचे वकील पुढे होते. इक्बाल छागला यांची याचिका याच न्यायालयात दाखल झाली होती. त्या सगळ्या याचिकांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा एकत्रित निकाल मात्र १९८१ च्या डिसेंबरात सरकारच्या बाजूने झुकला आणि शेवटचा शब्द सरकारचा ठरला.

१९९३ च्या निकालाने तो शब्द न्यायमूर्तींकडे आला आणि १९९८ मध्ये राष्ट्रपतींनी मागवलेल्या मतावर न्यायवृंदाची आजची रचना पक्की झाली. एक टोक सोडून आपण दुसरे टोक गाठले. हा धोका बाबासाहेबांना आधीच दिसला होता. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी अशी सूचना आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी अखेर माणूस आहेत, सामान्य माणसाचे गुणदोष, भावना, पूर्वग्रह त्यांनाही आहेत, आणि जो अधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारलाही एकट्याने द्यायला तयार नाही तो सरन्यायाधीशांना कसा द्यायचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारला मोकळे रान देणेही त्यांना धोक्याचे वाटत होते. ते मधल्या वाटेवर होते. तिथे आपण अजून पोहोचलेलो नाही.

न्यायमूर्ती निवडायला राष्ट्रीय आयोग आणणारी २०१४ ची ९९ वी घटनादुरुस्ती ही मधली वाट होती असे काही जण म्हणतात. मला पटत नाही. त्या आयोगात सहा सदस्य होते आणि कोणत्याही दोघांनी नकार दिला की नाव बाद होणार होते. तीन न्यायमूर्ती एका बाजूला असले तरी कायदामंत्री आणि एक 'मान्यवर व्यक्ती' मिळून त्यांना थोपवू शकत होते. मान्यवर कोणाला म्हणायचे याचा निकष कायद्यात नव्हता. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने तो आयोग रद्द झाला, ते योग्यच झाले.

पण त्या निकालाबरोबर एक कबुली होती आणि तिचे पुढे काय झाले हे आम्हाला कुणी सांगत नाही. न्या. चेलमेश्वर यांचे विरोधी मत सोडा, बहुमतातल्या न्या. कुरियन जोसेफ यांनीही न्यायवृंदात खुलेपणा नाही हे मान्य केले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेमोरँडम ऑफ प्रोसिजरमध्ये सुधारणा करायला सांगितले : पात्रतेचे निकष, पारदर्शकता, नेमणुकांसाठी स्वतंत्र सचिवालय, तक्रारींची यंत्रणा. सरकारने मसुदा पाठवला, न्यायवृंदाने आक्षेप घेतले, कागद गेले, कागद आले. दहा वर्षे उलटली तरी सुधारित मेमोरँडम अंतिम झालेले नाही. आमच्या कोर्टात एखाद्या प्रतिवादीने म्हणणे द्यायला इतका वेळ लावला असता, तर त्याच्याविरुद्ध 'विना म्हणणे'चा हुकूम कधीच झाला असता.

तेव्हा दिल्लीची वाट पाहत बसण्यापेक्षा मुंबईत काय करता येईल ते बोलूया.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला तुमच्या न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांनी आणि वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलने केली, कामकाजावर बहिष्कार टाकले. बेंच आले, आनंद झाला. आता प्रश्न असा की त्या बेंचवर बसणाऱ्यांत या सहा जिल्ह्यांच्या कोर्टांत उभे राहून वकिली केलेले किती असतील? नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर खंडपीठांमुळे तिथल्या वकिलांना निदान उच्च न्यायालयासमोर रोज दिसण्याची सोय झाली, गोव्याच्या खंडपीठाचेही तसेच. तुम्ही नावे निवडता ती तुमच्यासमोर उभे राहणाऱ्यांतून, त्यात तुमचा दोष नाही. ज्याला पाहिलेच नाही त्याची शिफारस कोण करणार? दोष असलाच तर पाहण्याची दुसरी कुठली वाटच ठेवलेली नाही, याचा आहे.

या पाहण्याला आणखी दोन चाळण्या आहेत. पहिली उत्पन्नाची. वकिलाच्या नावाचा विचार करताना वय साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान आहे का आणि गेल्या काही वर्षांचे सरासरी व्यावसायिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर आहे का, हे पाहिले जाते. हेतू समजतो : ज्याची वकिली चालते, त्याला कामाचा अनुभव आहे. पण हा हिशेब मुंबईच्या कमर्शियल प्रॅक्टिसला जितका सरळ लागू पडतो तितका सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांच्या दाव्यांना लागू पडत नाही. विडी कामगार बाईच्या भविष्यनिर्वाह निधीचा दावा लढवणाऱ्या वकिलाची फी तिच्या पगाराच्या हिशेबानेच ठरणार. पोटगीची प्रकरणे, कुळकायद्याची प्रकरणे, धरणग्रस्तांच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणे वर्षानुवर्षे चालवणाऱ्या वकिलाला कायदा कमी कळतो, असे आयकर विवरणपत्रावरून कसे ठरवणार? बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे अशील फिरकत नव्हते, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी चाळणी छापील निकालांची. ज्या प्रकरणांत वकिलाने युक्तिवाद केला आणि ज्यांचे निकाल कायद्याच्या नियतकालिकांत छापून आले, अशांची यादी मागितली जाते. जिल्हा न्यायालयाचे निकाल तिथे छापून येत नाहीत. आमच्याकडचा दावा मराठीत लिहिलेला, साक्ष मराठीत, निकालपत्रही पुष्कळदा मराठीत. त्यातली उलटतपासणी कितीही धारदार असली तरी ती अशा कोणत्याही नियतकालिकात सापडणार नाही. आणि तुमच्यापुढे येणाऱ्या दुय्यम अपिलांत तर अखेर भांडण त्यावरच असते : फेरफार कधी पडला, सातबाऱ्यावरची पीकपाहणी कुणाच्या नावाची, वहिवाट कुणाची, वाटणी खरोखर झाली होती की कागदावरच. हे सगळे ज्याने साक्षीदाराच्या तोंडून काढले आहे असा माणूस अपील ऐकायला बसला, तर रेकॉर्डमधली खोच त्याला पहिल्या वाचनात दिसते.

यावर कुणी म्हणेल, त्यासाठी जिल्हा न्यायाधीशांमधून एक तृतीयांश जागा भरतातच ना? भरतात, आणि ते फार चांगले आहे. न्या. रानडे नाशिक, धुळे, पुणे अशी खालची न्यायालये पाहून १८९३ मध्ये याच उच्च न्यायालयात आले. आज मात्र जिल्हा न्यायाधीशाचे नाव उच्च न्यायालयात पोहोचते तोवर साठी जवळ आलेली असते आणि निवृत्तीचे वय ६२. कामाची पद्धत अंगवळणी पडेपर्यंत निरोपसमारंभ होतो. वकिलांमधून पंचेचाळिशी-पन्नाशीत आलेले ज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्या पुढे जातात. त्यामुळे तुमच्या तिघांच्या समितीत जिल्हा न्यायव्यवस्थेतून आलेली व्यक्ती बसण्याची वेळ क्वचितच येते. पुढची नावे निवडणारेही पुन्हा उच्च न्यायालयाच्या बारमधूनच आलेले, आणि त्यांनी पाहिलेलीही त्याच बारमधली माणसे. हे चक्र कुणाच्या दुष्टाव्यामुळे चालत नाही, सवयीने चालते. १८६२ साली स्थापन झालेल्या या न्यायालयात पहिली महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आल्या. ११६ वर्षे लागली. तोवरही कुणी जाणूनबुजून दार लावून बसले होते असे मी म्हणणार नाही, पण दार बंदच होते.

आता अलीकडचे दोन वाद. मुंबईतले वकील सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव तुमच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पाठवले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते मान्य केले. सरकारने त्या वर्षअखेरीस ते परत पाठवले, कारण त्यांनी समाजमाध्यमांवर काही विषयांवर मते मांडली होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने ठणकावून सांगितले की मत मांडले म्हणून कुणी अपात्र होत नाही. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. एका नावाला दोन वर्षे.

दुसरा वाद २०२५ च्या उन्हाळ्यानंतरचा. मुंबईतल्या ज्या वकिलांच्या नावाची शिफारस झाली त्यांतल्या एक पूर्वी राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या होत्या. विरोधी पक्षांनी गदारोळ केला, पक्षाने सांगितले की त्यांनी आधीच राजीनामा दिला होता, नेमणूक झाली, विषय संपला. की संपला नाही? राजकारणातून आलेला माणूस चांगला न्यायमूर्ती होऊच शकत नाही असे म्हणणाऱ्यांना मी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेल्या व्ही. आर. कृष्ण अय्यर यांची आठवण करून देईन. ते त्याआधी केरळच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री होते. माझे म्हणणे वेगळे आहे. पक्षाचे पद सोडल्यावर किती वर्षांनी नावाचा विचार व्हावा, याचा एका ओळीचा लेखी नियम असता तर तो वाद अर्ध्या तासात मिटला असता. कदाचित नावालाच धक्का बसला असता, कदाचित टीकाकार गप्प बसले असते. आज दोन्ही बाजूंना हवे ते बोलायची मोकळीक आहे, कारण मोजायला पट्टीच नाही. आणि समाजमाध्यमांवरच्या मतांवरून अडलेला वकील व पक्षाचे पद भूषवूनही पुढे गेलेला वकील यांची नावे लोक एका श्वासात घेतात, तेव्हा त्यांना उत्तर देताना माझ्यासारख्या वकिलाची पंचाईत होते.

फायलींच्या तारखांचेही असेच आहे. मेमोरँडमप्रमाणे राज्य सरकारने सहा आठवड्यांत मत कळवायचे, नाहीतर काही म्हणायचे नाही असे धरून केंद्राने पुढे जायचे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रासाठीही मुदती आखून दिल्या, आणि न्यायवृंदाने एकमताने नाव पुन्हा पाठवले तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक करावी असे सांगितले. प्रत्यक्षात काय होते ते आपण पाहतो. एकाच वेळी गेलेल्या नावांतली काही निघतात, काही पडून राहतात. वाट पाहून कंटाळलेले चांगले वकील संमती मागे घेतात. मुंबईतही तसे घडले आहे. अडवणूक कुठे होते हे लोकांना कळत नाही म्हणून ती करणे सोपे जाते. तुमच्या न्यायालयाला मंजूर पदे ९४ आहेत. ती सगळी एकाच वेळी भरलेली मी तरी पाहिली नाहीत. देशभरच्या उच्च न्यायालयांत साठ लाखांहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत.

माझी मागणी मोठी नाही. न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे कुठली जागा कधी रिकामी होणार हे शपथविधीच्या दिवशीच ठाऊक असते. मेमोरँडमही सांगते की जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी प्रस्ताव पाठवावा. तेव्हा वर्षातून दोनदा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर सूचना लावा : येत्या काळात इतक्या जागा, वकिलांमधून इतक्या, न्यायिक सेवेतून इतक्या. त्याबरोबर निकष द्या, उत्पन्नाच्या अटीसकट, आणि विधिसेवा प्राधिकरणाची किंवा कमी फीची प्रकरणे चालवणाऱ्यांसाठी ती अट कशी शिथिल होईल तेही लिहा. छापील निकालांऐवजी जिल्हा न्यायालयात चालवलेल्या दहा प्रकरणांची उलटतपासणी आणि लेखी युक्तिवाद चालतील असे सांगा, मराठीत असले तरी. ज्याला इच्छा आहे त्याला अर्ज करू द्या, आणि जिल्हा वकील संघांना, निवृत्त जिल्हा न्यायाधीशांना नावे सुचवू द्या. अर्जात नातेवाईक न्यायमूर्ती, पक्षातली पदे, प्रलंबित तक्रारी हे रकाने असू द्या. निवडक उमेदवारांशी प्रत्यक्ष बोला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने २०२४ च्या अखेरीपासून ते सुरू केलेच आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. 'नाव फुटले आणि पुढे नाकारले गेले तर त्या वकिलाची वकिली बसते.' खरे आहे. म्हणून नावे आधी प्रसिद्ध करा असे मी म्हणतच नाही. किती अर्ज आले, किती जिल्ह्यांतून आले, किती महिलांचे होते, किती जणांशी बोलणे झाले आणि किती नावे पुढे गेली, एवढेच आकडे द्या. फायलींनाही नावाऐवजी क्रमांक द्या आणि राज्य सरकारकडे कधी गेली, केंद्राकडे कधी गेली, परत कधी आली या तारखा लावा. त्यात कुणाची अब्रू जात नाही, फाईल दाबून बसणाऱ्याची गेली तर भाग वेगळा.

'मोठे वकील अर्ज करणार नाहीत, त्यांना ते कमीपणाचे वाटेल.' मग त्यांना आजच्यासारखे बोलावून विचारा, ती वाट बंद करा असे कोण म्हणते? तसेही उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचे मूळ वेतन महिना सव्वादोन लाख रुपये आहे. काही ज्येष्ठांची एका दिवसाची फी त्याहून जास्त असते, आणि त्यातले कित्येक बोलावल्यावरही नाही म्हणतात. सीनियरच्या गाऊनसाठी अर्ज करताना कमीपणा वाटला नव्हता, हेही आहेच.

'अर्ज मागवले की वशिलेबाजी सुरू होईल.' महोदय, ती बाररूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. विधी आयोगाने २००९ सालच्या आपल्या २३० व्या अहवालात 'अंकल जज', म्हणजे नातलग जिथे वकिली करतात त्याच न्यायालयात बसणारे न्यायमूर्ती, हा विषय उगाच घेतला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये नेमणुकांची माहिती संकेतस्थळावर टाकली, त्यात कोण कुठल्या समाजघटकातले आणि कोण कुठल्या न्यायमूर्तींचे नातेवाईक हेही दिले, ते लोकांच्या मनातली शंका ओळखूनच. जे नेमणूक झाल्यानंतर सांगता येते, त्यातले निदान निकष तरी आधी सांगायला काय हरकत आहे?

राहिला प्रश्न अधिकाराचा. मेमोरँडममध्ये अर्ज मागवा असे लिहिलेले नाही, पण मागवू नका असेही मला कुठे आढळले नाही. प्रस्ताव कोणाचा करायचा हे ठरवण्याआधी माहिती कुठून गोळा करायची, हा तुमचा अधिकार आहे. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, कायदा मंत्रालयाचे पत्र लागत नाही. पूर्णपीठापुढे, म्हणजे सगळ्या न्यायमूर्तींच्या बैठकीपुढे, ठेवावेसे वाटले तर अवश्य ठेवा. एखाद्या फेरीपुरता प्रयोग करून पाहा, सर्किट बेंचच्या सहा जिल्ह्यांपासून केला तरी चालेल. अर्ज कचऱ्याच्या लायकीचे आले तर तसे जाहीर सांगा आणि पद्धत बंद करा, मी या पत्रातला शब्दही मागे घेईन.

या पत्राची प्रत सहाही जिल्ह्यांच्या वकील संघांना पाठवते आहे. त्यांनी यावर ठराव करून बाजूने किंवा विरुद्ध, जे असेल ते, तुमच्या महाप्रबंधकांकडे (रजिस्ट्रार जनरल) महिन्याभरात लेखी कळवावे अशी त्यांना विनंती केली आहे. तोवर एका प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी पुरे : या वर्षी ज्या जागा रिकाम्या होणार आहेत, त्यांसाठी नावे पाठवण्याचे काम सुरू झाले आहे का?

आपली विश्वासू,
जिल्हा न्यायालय, सोलापूर येथे वकिली करणारी एक वकील

प्रत माहितीसाठी : अध्यक्ष, जिल्हा वकील संघ – सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग